प्लेगच्या मुंबईत तांदूळ कोण विकत होतं?

आजचा भाग मुंबईच्या प्लेगवर आहे, पण नेहमीच्या वाटेने जाणारा नाही. प्लेग म्हटलं की आपल्याला पुण्यातला रँड आठवतो, गणेशखिंडीचा रस्ता आठवतो, चापेकर बंधू आठवतात. मुंबईचं म्हणाल तर डॉ. हाफकिन आणि त्यांची लस. त्यावर भरपूर लिहून-बोलून झालंय. मला आज एक बारीकसा प्रश्न घ्यायचाय. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईतली जवळजवळ निम्मी माणसं शहर सोडून गेली होती. मग उरलेल्या निम्म्यांना तांदूळ, मीठ, घासलेट, जळण कोण विकत होतं? आणि ते विकणारे स्वतः का पळून गेले नव्हते?

प्रश्न सुचला तो अर्थात २०२० मुळे. २४ मार्चला रात्री आठ वाजता देशभरचं लॉकडाउन जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. त्या रात्री आपल्यातले बरेच जण कुठे होते, तर पिशवी घेऊन वाण्याच्या दारात. पुढचे काही महिने डॉक्टर, पोलीस, सफाई कामगार यांच्या जोडीने किराणा दुकानदारालाही आपण ‘योद्धा’ म्हणायला लागलो. मला तो शब्द तेव्हाही खटकत होता आणि आजही खटकतो. योद्धा म्हटलं की टाळ्या वाजवून मोकळं होता येतं. त्याच्या वहीत किती पैसे अडकलेत, माल कोण आणून देतंय, दुकान बंद ठेवणं त्याला परवडतं का, हे विचारायचं राहून जातं.

तर आज तेच विचारू. आणि त्यासाठी मांडवीत जाऊ.

मांडवी या शब्दाचा अर्थच जकातीचा नाका. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, मशीद बंदरच्या आसपासचा हा भाग. शेजारी गोदी. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये सुरू झाली, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये. धान्य बोटीने येवो की रेल्वेने, ते या परिसरातल्या गोदामांत उतरायचं आणि तिथून शहरभर जायचं. पुढे या पट्ट्याचं नावच दाणाबंदर पडलं. इमारतींची रचना अशी की तळमजल्यावर पोत्यांच्या थप्प्या आणि वरच्या मजल्यांवर माणसं. एकेका खोलीत पाच-सहा जण. म्हणजे खाली ज्वारी-तांदूळ, वर हमाल, गुमास्ते, त्यांची बायकापोरं.

याच भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगश दवाखाना चालवायचे. मूळचे गोव्याचे, आणि मुंबई महापालिकेचे सदस्य. सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांच्याकडे काखेत किंवा जांघेत गाठ आणि सणसणून ताप असलेले रोगी येऊ लागले. हा गाठीचा प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं आणि २३ सप्टेंबरला महापालिकेच्या स्थायी समितीपुढे उघड सांगितलं. व्यापारी शहरात असं बोलणं सोपं नव्हतं. प्लेगचं नाव निघालं की बंदरावर क्वारंटाईन, क्वारंटाईन आलं की व्यापार ठप्प. पण रोग काही लपून राहणार नव्हता. धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या समोरच्या बाजूला, व्हिएगश यांचा पुतळा आहे. पुढच्या वेळी तिकडून जाल तेव्हा जरूर बघा. मुंबईत राजे-लाटसाहेबांचे पुतळे हलवले गेले, हे डॉक्टर तिथेच आहेत.

आता वाण्याकडे येऊ. त्या काळातलं गल्लीतलं दुकान कसं चालायचं हे कळल्याशिवाय ते उघडं का राहिलं हे कळणार नाही.

१८९६ मध्ये मुंबईत सत्तरच्या आसपास कापड गिरण्या होत्या. कामगारांत सगळ्यांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा, मग सातारा, पुणे आणि घाटावरचा बाकीचा मुलूख. गिरणीचा पगार महिन्याचा, आणि तोसुद्धा महिना संपल्या संपल्या हातात पडायचा नाही. गिरणी तो काही आठवडे मागे ठेवायची. कामगार पळून जाऊ नये म्हणून अडकवलेलं ते दावं होतं, असं म्हणा ना. नवा माणूस गावाहून आला की पहिला पगार हातात पडेपर्यंत दीड-दोन महिने जाणार. तोपर्यंत खायचं काय? तर वाण्याची उधारी. गुजराती किंवा मारवाडी दुकानदार जॉबरच्या ओळखीवर, नाहीतर गाववाल्याच्या शब्दावर त्याचं खातं उघडायचा. पगार झाला की आधी वाणी, मग खोलीभाडं, मग गावाला मनीऑर्डर. खानावळीही याच हिशोबावर चालायच्या. जेवण आज, पैसे पगाराला.

म्हणजे दुकानातल्या मालाच्या कितीतरी पट माल गिऱ्हाइकांच्या पोटात गेलेला असायचा आणि त्याचा पैसा वहीत असायचा. आणि वाणी तरी रोकडीवर कुठे जगत होता? त्याला मांडवीच्या घाऊक व्यापाऱ्याने मुदतीवर माल दिलेला. त्या व्यापाऱ्याला सावकाराने किंवा पेढीने पैसे दिलेले. ही साखळी रोजच्या रोज खेळती राहिली तरच खरी. एक कडी निघाली की खालची सगळी लोंबकळणार.

आणि १८९६ च्या शेवटी सगळ्यांत आधी निघाली ती वरची कडी. ज्यांना कच्छ-काठेवाडात घर होतं, पैसे होते, जायला बोटीचं तिकीट होतं, ते मोठे व्यापारी पहिल्या लाटेत गेले. पेढ्यांना कुलुपं लागली. त्यांच्यासोबत रोगही गेला. १८९७ मध्ये कच्छच्या किनाऱ्यावरच्या मांडवी बंदरात प्लेगने कहर केला. एका मांडवीतून दुसऱ्या मांडवीत. मग गिरणी कामगार निघाले. कोकणच्या बोटी आणि घाटावरच्या गाड्या भरभरून जाऊ लागल्या. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. त्या शहरातून लाखांच्या हिशोबात माणसं बाहेर पडली.

आता दुकानदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमची वही कामगारांच्या नावांनी भरलेली आहे. त्यातले निम्मे गावाला गेले. परत येतील? जगतील? माहीत नाही. मागे ठेवलेला पगार गिरणीत अडकलाय, म्हणजे ते परत येण्याची थोडी आशा आहे. पण परत आल्यावर तुम्ही दारात नसलात, तर ते पैसे घेऊन शेजारच्या दुकानात जातील. वर व्यापाऱ्याचं देणं आहेच. गाव सोडताना घेतलेलं कर्ज आहे. मोठ्या व्यापाऱ्याला दुकान बंद करून जाणं म्हणजे हंगामाचं नुकसान. छोट्याला ते म्हणजे वही फाडून टाकणं. माझं म्हणणं सरळ आहे: प्लेगच्या मुंबईत छोटं दुकान उघडं राहिलं त्यात धीर होताच, पण धीरापेक्षा उधारीने त्याला जास्त घट्ट धरून ठेवलं होतं. जाणं परवडेल एवढा मोठा नसलेला माणूस मागे राहिला. जुन्या दुकानांना शटर नसायचं, खाचेत बसवायच्या लाकडी फळ्या असायच्या. सगळ्या लावून मधली एखादी काढली की दुकान बंदही दिसतं आणि मापही हातात देता येतं. अशा काळात फळ्यांची सोय मोठी होती.

दुसरं संकट त्याच वर्षी आलं. १८९६ चा पाऊस दगा देऊन गेला आणि १८९६-९७ मध्ये दख्खनात दुष्काळ पडला. धान्याचे भाव चढले. म्हणजे गिऱ्हाईक कमी, माल महाग, वरून उधार मिळेना आणि खाली उधार मागणारे दारात उभे. वाणी भाव वाढवतो, माप मारतो, माल दडवतो, ही ओरड अशा वेळी होतेच आणि ती सगळीच खोटी असते असं मी अजिबात म्हणणार नाही. टंचाईत नफा काढणारे तेव्हाही होते, २०२० मध्येही होते. पण गल्लीतला वाणी आणि गोदाम भरून बसलेला साठेबाज हे एकाच मापाने मोजता येत नाहीत. एकाला गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर रोज द्यायची असते.

मागे राहिलेल्यांचं महत्त्व मात्र एकाएकी वाढलं, आणि हा या सगळ्या गोष्टीतला मला सगळ्यांत आवडणारा भाग आहे. १८९७ च्या सुरुवातीला गिरण्यांना माणसं मिळेनात. आजवर पगार महिना-महिना अडकवून ठेवणारे मालक आता रोजच्या रोज पैसे द्यायला तयार झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून एकमेकांपेक्षा जास्त मजुरी पुकारायला लागले. कामगारांचा लिलावच म्हणा, फक्त उलटा. अशी चढाओढ करू नका असं मालकांच्या संघटनेचं म्हणणं होतं, पण चालू चात्या कोणाला बंद ठेवायच्या होत्या? आता रोज संध्याकाळी रोकड हातात पडायला लागल्यावर वाण्याच्या दुकानातही फरक पडला असणार. हा माझा तर्क आहे, पण हिशोबाने तो बसतो. ज्याच्या हातात रोकड आहे तो त्याच दुकानाला बांधलेला राहत नाही. तो भाव विचारतो.

सफाई कामगारांचंही तसंच. शहराची मैला-सफाई हलालखोरांवर अवलंबून होती. ६ ऑक्टोबर १८९६ ला महापालिका आयुक्त स्नो यांनी रोग्यांना सक्तीने घरातून हलवण्याचा हुकूम काढला. लोक बिथरले. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले. त्यानंतर लगेच हुकूम सैल करण्यात आला. का? तर सक्तीला घाबरून हलालखोर शहर सोडून गेले तर मुंबईत राहणंच अशक्य होईल, ही भीती आयुक्तांना होती. ज्यांची सावलीही टाळली जायची, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेने सरकारी हुकूम बदलला. आर्थर रोडचं ते रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा. होय, तेच, जिथे मार्च २०२० मध्ये मुंबईतले कोरोनाचे पहिले रोगी ठेवले होते.

‘अत्यावश्यक सेवा’ हा शब्द तेव्हा वापरात नव्हता. पण कोण अत्यावश्यक आहे हे त्या दोन महिन्यांत सगळ्या शहराला कळलं होतं.

आणि बंद ठेवणं हेही हत्यार आहे, हेही कळलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली. झडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, रेल्वे स्टेशनवर तपासण्या. रोग्याच्या घरातले कपडे-अंथरूण जाळायचं, भिंतींना चुना मारायचा, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढायची. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरं रंगवायची. दुकानाच्या वर किंवा मागे राहणाऱ्या माणसाच्या घरात रोगी निघाला तर दुकानाचं काय होत असेल ते सांगायला नको. ९ मार्च १८९८ ला जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका मुलीला तपासण्यावरून दंगल पेटली, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंनी माणसं मेली. नंतरच्या दिवसांत गोदीतले मजूर आणि बैलगाडीवाले कामावर आले नाहीत, बाजार बंद पडले. सरकारला दमाने घ्यावं लागलं. जे दुकान वर्षभर उघडं राहून शहराला जगवत होतं, तेच बंद राहून शहराचं म्हणणं सांगत होतं.

आता या गोष्टीतला वाईट भाग.

१८९६ मध्ये प्लेगचा जंतू ठाऊक होता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला येर्सिन आणि किटासाटो यांनी तो शोधला होता. पण तो माणसात शिरतो कसा, हे माहीत नव्हतं. घाण, दमट हवा, गर्दी, गटारं यांच्यावर संशय. म्हणून मुंबईची गटारं कार्बोलिक आणि समुद्राच्या पाण्याने धुऊन काढली जात होती. इकडे मांडवीच्या गोदामांत उंदीर मरून पडत असल्याचं लोकांनी पाहिलं होतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पोहोचवते. त्याचं कोणी फारसं ऐकलं नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तज्ज्ञांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून, पिसवा मोजून ते पक्कं केलं. तोवर नऊ-दहा वर्षं गेली होती.

उंदीर मेला की पिसू थंड पडत चाललेलं अंग सोडते आणि नवं ऊबदार अंग शोधते. उंदीर कुठे असतो? जिथे दाणा असतो तिथे. मेलेल्या उंदराची पिसू कुठे दडते? पोत्यात, बारदानात, फटीत. ते पोतं हमाल पाठीवर घेतो, गाडीत घालतो, दुसऱ्या वस्तीतल्या दुकानात उतरवतो. म्हणजे ज्या दुकानामुळे गल्ली उपाशी राहिली नाही, तेच दुकान रोगाचं घर होतं. दुकानदार आपल्या गादीवर, पोत्यांच्या मधोमध बसलेला. रात्री बहुधा तिथेच आडवा होणारा. पोऱ्या पोत्यांवर झोपणारा. त्यांना सांगणारं कोणीच नव्हतं की भाऊ, गिऱ्हाइकाला घाबरू नकोस, तुझ्या पाठीमागच्या पोत्याला घाबर.

हे वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. माणसं धोका पत्करत होती, पण कुठला धोका पत्करतोय हे त्यांना माहीत नव्हतं. २०२० च्या पहिल्या महिन्यांत आपणही दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, नोटांना इस्त्री करत होतो. नंतर कळलं की पिशवीपेक्षा बंद खोलीतली हवा जास्त धोक्याची.

नोटांवरून आठवलं, म्हणून जरा इटलीतल्या फ्लोरेन्सला जाऊन येऊ. तिथल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींत छोट्या कमानीच्या खिडक्या आहेत, जेमतेम एक बाटली जाईल एवढ्या. जमीनदार घराणी आपल्या मळ्यातली वाईन या खिडकीतून थेट गिऱ्हाइकाला विकायची. १६३० च्या दशकात तिथे प्लेग आला तेव्हा या खिडक्या कामी आल्या. फ्रान्चेस्को रोंदिनेल्ली याने त्या साथीचा वृत्तांत लिहिला, तो १६३४ मध्ये छापला गेला. त्यात वर्णन आहे की विक्रेते पैसे हाताने घेत नसत, धातूच्या फावड्यावर घेत आणि व्हिनेगरमध्ये बुडवत. २०२० मध्ये फ्लोरेन्सच्या काही दुकानदारांनी या बुजलेल्या खिडक्या पुन्हा उघडल्या आणि त्यातून कॉफी, आइस्क्रीम विकलं. आपल्याकडे याच काळात वाण्याने काय केलं? दारात टेबल आडवं टाकलं, दोरी बांधली, पैशासाठी ताट ठेवलं आणि रस्त्यावर खडूने गोल आखले. कोणी कोणाचं बघून केलं नाही. दुकान उघडं ठेवायचं आणि माणूस आत येऊ द्यायचा नाही, एवढी एकच अडचण दिली की चारशे वर्षांच्या अंतरावरचे दोन दुकानदार साधारण तिथेच येऊन पोहोचतात.

परत मुंबईत. प्लेग १८९८ मध्ये संपला नाही. पुढची वीसेक वर्षं तो दर थंडीच्या शेवटी परत येत राहिला. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ७,७६,००६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. पण ‘निम्मं शहर पळालं’ असं चित्र मात्र पुन्हा दिसलं नाही. साथीचा हंगाम हा व्यापाराच्या हंगामांपैकीच एक झाला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले गेले. समुद्राची हवा आत यावी ही कल्पना. त्या गल्ल्यांबरोबर तिथली दुकानंही गेली. मालकाला भरपाई असते, भाडेकरू दुकानदाराच्या उधारीच्या वहीला कसली भरपाई? गिऱ्हाईक पांगलं की वही म्हणजे रद्दी.

१९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ वेगळीच होती. जूनमध्ये गोदीवरच्या पोलीस शिपायांपासून ती सुरू झाली आणि पावसाळ्यानंतर पुन्हा उसळली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. त्या वर्षीही पावसाने दगा दिला होता, महायुद्धामुळे धान्य आधीच महाग होतं. पण या वेळी पळून जायला वेळच मिळाला नाही. रोग आठवड्यांत आला आणि आठवड्यांत ओसरला, आणि त्याने धरली ती नेमकी कामाची, तरणी माणसं. प्लेगमध्ये वाणी दुकानात राहायचं की गावाला जायचं असा विचार करू शकत होता. इन्फ्लुएन्झात तो अंथरुणाला खिळला की दुकान आपोआप बंद. त्या दिवसांत दूध आणि औषधं घरोघर पोहोचवली ती ज्ञातिसंस्थांच्या आणि समाजसेवकांच्या स्वयंसेवकांनी.

आणि सुरत, सप्टेंबर १९९४. ही आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलेली साथ. तिथे मराठी कुटुंबंही खूप, विशेषतः खानदेशातली. प्लेग म्हटल्याबरोबर लाखो माणसं बस-गाड्यांना लोंबकळून निघाली. पण लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. खासगी डॉक्टर मोठ्या संख्येने दवाखाने बंद करून निघून गेले. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या बाजारातून गायब झाल्या. परत तोच हिशोब: ज्याला गाडी होती, दुसऱ्या शहरात नातलग होते आणि चार आठवडे कमाई बुडाली तरी चालणार होतं, तो आधी गेला. डॉक्टरांना शिव्या घालणं सोपं आहे आणि मी त्यांची बाजू घेत नाहीये. पण भाजीवाली राहिली आणि डॉक्टर गेले यात स्वभावाचा भाग किती आणि खिशाचा किती, हे विचारलं पाहिजे.

२०२० मध्ये या चित्राची उलटापालट झाली. १८९६ मध्ये पैसेवाला शहर सोडून गेला होता. आता पैसेवाला घरात बसला आणि पायी निघाला तो मजूर. कसारा घाटातून नाशिककडे जाणारी ती रांग आपण सगळ्यांनी पाहिली. त्या रांगेत वाण्याच्या दुकानातला पोऱ्याही होता, सोसायटीत सामान पोहोचवणारा मुलगाही होता. दुकान उघडं राहिलं, पण मालक एकटा. सकाळी स्वतः माल उतरवायचा, दुपारी फोनवरच्या याद्या काढायच्या, संध्याकाळी स्वतःच स्कूटरवरून पोहोचवायचा.

आणि तरी तो नशीबवान, कारण त्याला उघडायची परवानगी होती. गल्लीत फक्त किराणा दुकान नसतं. शिंपी असतो, न्हावी असतो, इस्त्रीवाला, चपलांचं दुकान, घड्याळ दुरुस्त करणारा, सायकलवाला. महाराष्ट्रात सलून उघडायला २८ जून उजाडला, म्हणजे तीन महिने हात बांधून बसणं. ५ जूनपासून बाकीची दुकानं उघडली तीही सम-विषमच्या हिशोबाने, आज रस्त्याची ही बाजू, उद्या ती. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, किराणा दुकानालाही सकाळी सात ते अकरा एवढीच मुभा उरली. दिवसभर विरळ येणारं गिऱ्हाईक चार तासांत दाटलं आणि जी गर्दी टाळायची तीच दारात जमली. १ जून २०२० ला केंद्राने फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आणली, दहा हजार रुपयांचं खेळतं भांडवल, कर्जाऊ. दहा हजार ही रक्कम ऐकायला लहान आहे. पण फेरीवाल्याला लागतं काय, तर उद्या पहाटेचा माल उचलण्याइतकी उधारी. सव्वाशे वर्षांनी सरकार त्याच वहीपाशी आलं होतं.

राहता राहिलं दाणाबंदर. मांडवीचा घाऊक धान्यबाजार गेल्या शतकाच्या शेवटी वाशीला हलला. पोती तिकडे गेली, हमाल तिकडे गेले. आता त्यांना माथाडी म्हणतात आणि त्यांच्यासाठी १९६९ चा कायदा आहे. मुंबईच्या गल्लीतला वाणी आता तिथून माल उचलतो. मे २०२० मध्ये या बाजारात कोरोना शिरला. व्यापारी आजारी, माथाडी आजारी. लॉकडाउनमध्येही चालू ठेवलेला हा बाजार ११ ते १७ मे असा आठवडाभर बंद ठेवावा लागला. दाणा, मसाला, भाजी, फळं, कांदा-बटाटा, पाचही बाजार. त्या आठवड्यात तुमच्या वाण्याने ‘तूरडाळ संपली, पुढच्या आठवड्यात बघा’ असं सांगितलं असेल, तर त्याचं कारण बहुधा हे होतं.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात, दुकानात त्या काळातली उधारीची वही अजून पडून असेल, तर तिचं काय झालं ते मला कळवा. किती वसूल झालं, किती सोडून दिलं, कोण तीन वर्षांनी येऊन देऊन गेलं. पुढच्या भागात सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि सँडहर्स्ट रोड. भेटू.